घाट उतरतानाही ठोके १७४? घड्याळ, छातीचा पट्टा आणि कॅलरींचा हिशेब कुठं चुकतो, ते असं शोधा

यातली एखादी तक्रार तुमची आहे का, ते आधी पाहा.

- पळायला लागून पाच मिनिटंही झाली नाहीत, अंग तापलेलं नाही, तरी घड्याळावर ठोके १६५ ते १७५, आणि आकडा तिथंच चिकटून बसलाय.
- याच्या उलट. चढावर धाप लागलीय, तोंडातून शब्द फुटत नाही आणि घड्याळ म्हणतंय ९८.
- जिममध्ये वजन उचलताना आकडा हलत नाही. सेट संपवून बाकावर बसलं की मग वाढायला लागतो.
- छातीचा पट्टा (ठोके मोजायला छातीभोवती बांधतात तो) पहिल्या काही मिनिटांत २१०-२२० चे झटके दाखवतो आणि घाम आला की सुधारतो.
- पट्टा मध्येच गायब होतो किंवा मोबाइलला सापडतच नाही.
- एकच फेरी, पण घड्याळात ४०० कॅलरी आणि डाएटच्या ॲपमध्ये ८००. किंवा तीन महिने कॅलरी मोजूनमापून खाल्लं, तरी वजनाचा काटा जागचा हलला नाही.

साताऱ्यात आमचा सकाळी पळणाऱ्यांचा गट आहे आणि गेली आठ-नऊ वर्षं या तक्रारी माझ्याकडे येतात. बहुतेक जण येतात तेच मुळी "ताई, नवीन कुठलं घेऊ?" असं विचारत. दहातल्या सात-आठ जणांना नवीन काही घ्यावं लागत नाही. म्हणून फुकटातल्या तपासण्या आधी लिहिते, पैशाच्या नंतर.

त्याआधी एक गोष्ट. छातीत दुखतंय किंवा दडपल्यासारखं वाटतंय, दुखणं जबड्यात, खांद्यात किंवा हातात उतरतंय, थंड घाम फुटलाय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, श्वास पुरत नाहीये, यातलं काहीही असेल तर पुढचं वाचू नका. व्यायाम थांबवा, सोबतच्या माणसाला सांगा, १०८ ला फोन करा. घड्याळ काय दाखवतंय याला तेव्हा किंमत नाही.

पहिली तपासणी: दोन बोटं

उपकरण चुकतंय की तुमचे ठोके खरोखरच तेवढे आहेत, हे ठरल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट टेकवा. अंगठा वापरू नका. त्याची स्वतःची नाडी लागते आणि मोजणी फसते. निवांत बसलेले असताना ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. पळताना मोजायचं तर थांबल्याथांबल्या १० सेकंद मोजून सहानं गुणा. थांबलं की ठोके भराभर उतरतात, त्यामुळं मिनिटभर मोजत बसलात तर भलताच आकडा येईल. १० सेकंदांत एक ठोका इकडंतिकडं झाला की सहाचा फरक पडतो. तो सोडून द्या. आपण शोधतोय तो फरक तीस-चाळीसचा असतो.

ही तपासणी मी कधीच वगळत नाही, त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी गटातले एक काका म्हणाले, घड्याळ बिघडलंय, नुसतं चालताना १५० दाखवतंय. मी "पट्टा घट्ट करा" म्हणणारच होते, पण सवयीनं त्यांचं मनगट धरलं. ठोके मोजताच येईनात. तीन भराभर, मग मोकळी जागा, मग दोन, मग पुन्हा भराभर. घड्याळ बरोबर होतं. त्याच सकाळी ते डॉक्टरांकडं गेले, ईसीजी निघाला आणि निदान झालं: एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची लय बिघडण्याचा विकार. आज औषधं चालू आहेत आणि काका रोज चालतात. त्या दिवशी घड्याळाचा पट्टा आवळून त्यांना पळायला पाठवलं असतं तर काय झालं असतं, हे माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा नियम साधा आहे. बोटं आणि घड्याळ जुळलं, तर उपकरणाला दोष देऊ नका. आकडा तुमच्या नेहमीपेक्षा फार वेगळा असेल तर सरळ शेवटच्या भागात जा. जुळलं नाही, तर पुढं वाचा.

घड्याळ कुठं आणि किती घट्ट

घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे कातडीत प्रकाश सोडतात. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. ठोक्याबरोबर मनगटात रक्ताची लाट आली की परत येणारा प्रकाश जरा कमी होतो, लाट ओसरली की वाढतो. हा चढउतार मोजायचा, एवढंच त्याचं काम. घड्याळ सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि प्रत्येक पावलाला घड्याळ कातडीवर घसरतं. मग चढउतार रक्ताचा की घसरण्याचा, हे त्याला कळत नाही.

म्हणून व्यायामापुरतं घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या दिशेनं सरकवा. तिथं मांस जास्त असतं आणि मनगट दुमडलं तरी घड्याळ उचललं जात नाही. नेहमीपेक्षा एक भोक घट्ट लावा. हात झटकल्यावर हलायला नको आणि बोटांना मुंग्याही यायला नकोत. पाठीमागची काच ओल्या मऊ फडक्यानं पुसा. तेल, क्रीम आणि वाळलेल्या घामाचा थर तिथं साचतो. सेन्सरखाली गोंदण असेल तर दुसरा हात वापरून बघा, शाई प्रकाश अडवते.

बांगड्यांचं वेगळं सांगते, कारण गटातल्या निम्म्या बायकांचा घोटाळा तिथंच असतो. बांगडी घड्याळाला खालून सतत ढकलत राहते. बांगड्या उतरवायच्या नसतील तर त्या हाताच्या पंजाकडं आणि घड्याळ बरंच वर, मध्ये तीन-चार बोटांचं अंतर, असं लावा. तेही जमत नसेल तर दंडावरच्या पट्ट्याचा पर्याय पुढं लिहिला आहे.

थंडीत आणखी एक अडचण येते. जानेवारीत पहाटे हात गारठलेले असताना कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, लाट क्षीण होते आणि घड्याळ चाचपडतं. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला, दहा मिनिटं चालून अंग तापवा आणि आकडा स्थिर झाला की पळायला लागा.

व्यायामाचा मोड चालू केलाय ना?

हा बिघाड नाही, पण याच कारणानं किती तरी जण माझ्याकडं येतात. बॅटरी वाचावी म्हणून बरेच बॅन्ड दिवसभर दर काही मिनिटांनी एकदाच ठोके घेतात. तुम्ही 'रनिंग' किंवा 'वर्कआउट' सुरूच केलं नाही, तर मधल्या चढाची नोंद होणार कशी? पॉवर सेव्हिंग बंद करा, योग्य व्यायाम निवडा आणि मगच सुरुवात करा.

पावलांनाच ठोके समजणं

सगळ्यात जास्त फसवणारा दोष हा आहे. पळताना बहुतेकांची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात. प्रत्येक पावलाला हात हिंदकळतो, मनगटातलं रक्तही हिंदकळतं. ही लय ठोक्यांच्या लयीपेक्षा जोरकस झाली की घड्याळ तिलाच नाडी समजून धरून बसतं. घड्याळात हालचाल ओळखणारा सेन्सर असतो आणि पावलांची लय वजा करायचा तो प्रयत्नही करतो. पण घड्याळ सैल असेल किंवा हात गार असतील तर त्याचं चालत नाही.

हे पकडायला आमच्याकडं यवतेश्वरचा घाट आहे. चढताना पावलं आखूड आणि सावकाश पडतात, ठोके मात्र वर जातात. माथ्यावर वळून उतरायला लागलं की उलटं होतं: पावलं भरभर पडतात आणि दोन-तीन मिनिटांत ठोके खाली येतात. दम ओसरतो, गप्पा सुरू होतात. अशा वेळी घड्याळ १७४ वर गेलं आणि ॲपमधल्या केडन्सच्या, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांच्या आलेखातही १७४ च असले, तर ते तुमच्या हृदयाचे ठोके नव्हेत. घरी गेल्यावर दोन्ही आलेख एकावर एक ठेवून बघा. रेषा जुळ्या बहिणींसारख्या चालत असतील तर दोष सापडला.

उपाय सोपा आहे: थांबा, घड्याळ वर सरकवून घट्ट करा, अर्धा मिनिट उभं राहा, आकडा खाली येऊ द्या, मग पुन्हा सुरू करा. दर वेळी हेच होत असेल तर मनगटावरचा सेन्सर तुमच्या पळण्याला पुरा पडत नाही, हे मान्य करा.

जाता जाता एक सांगते. गुंडाळलेल्या रुमालावर घड्याळ बांधून "बघा, यालाही ठोके दाखवतंय, म्हणजे बनावट आहे" असं दाखवणारे व्हिडिओ फिरतात. त्यावरून घड्याळ फेकू नका. परत येणाऱ्या प्रकाशात लय शोधणं हेच त्याचं काम असल्यामुळं चांगली घड्याळंही रुमालावर आकडा दाखवतात. खरी परीक्षा तुमच्या बोटांशी जुळतं की नाही, हीच.

वजन, वय आणि एकक

ठोके बरोबर असून कॅलरी चुकत असतील तर प्रोफाइल उघडा. एका वहिनींना मुलीनं अमेरिकेहून घड्याळ पाठवलं होतं, सगळं तिथंच लावून. एकक पौंडांचं होतं. वहिनींनी वजनाच्या जागी ६२ भरलं, आणि ६२ पौंड म्हणजे २८ किलो. तासभर घाम गाळून कॅलरी निम्म्यासुद्धा दिसत नव्हत्या. वजन, उंची, जन्मवर्ष, स्त्री की पुरुष, घड्याळ कोणत्या हातात, सगळं एकदा नीट वाचा. वजन दोन-तीन महिन्यांनी बदलत राहा.

जास्तीत जास्त ठोक्यांचा आकडा बहुतेक उपकरणं २२० वजा वय असा धरतात. दुसरं प्रचलित सूत्र २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं आहे. दोन्ही सरासरीची सूत्रं आहेत. प्रत्यक्ष माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, त्यामुळं झोनचे (घड्याळानं पाडलेल्या ठोक्यांच्या टप्प्यांचे) रंग दगडावरची रेघ मानू नका.

रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ठोके मुळातच कमी चढतात. तिथं झोनही लागू पडत नाहीत आणि ठोक्यांवरून काढलेल्या कॅलरीही. घड्याळात आकडा यावा म्हणून गोळी चुकवू नका, हे हात जोडून सांगते. बोलता येतंय तोवर वेग ठीक, वाक्य तुटायला लागलं की कमी करा, हे माप वापरा आणि मर्यादा डॉक्टरांना विचारा.

कॅलरींचा आकडा कितपत धरायचा

घड्याळ कॅलरी मोजत नाही. ठोके, वजन, वय यांवरून अंदाज बांधतं. कंपन्या आपली सूत्रं उघड करत नाहीत, पण केटेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेलं एक सूत्र खुलं आहे. त्यात ४५ वर्षांची, ६२ किलोची बाई १५० ठोक्यांवर ४० मिनिटं पळाली तर सुमारे ४०० कॅलरी येतात. तेच ठोके चुकून १७० मोजले गेले तर सुमारे ४९०. म्हणजे २० ठोक्यांच्या चुकीत साधारण एका पोळीचा फरक. रोजचा धरला तर महिन्याला तीस पोळ्या.

ठोके बरोबर असले तरी अंदाज तो अंदाजच. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं ६० स्वयंसेवकांवर तपासली. सहा उपकरणांचे ठोके ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीत बसले. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी.

म्हणून एक फुकटचा पडताळा ठेवा. सपाटीवर पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागं साधारण एक कॅलरी जाते. ६२ किलो, ६ किलोमीटर, म्हणजे ३७० च्या आसपास. घड्याळ ४०० म्हणालं तर चालेल. ७०० म्हणालं तर कुठंतरी घोळ आहे. घाटात हा हिशेब लागू नाही.

तो घोळ बहुतेकदा दुहेरी नोंदीचा असतो. घड्याळाचं ॲप डाएटच्या ॲपला फेरी पाठवतं, स्ट्राव्हा हे पळण्याच्या नोंदींचं ॲपही तीच फेरी पाठवतं आणि दोन्हींची बेरीज होते. डाएटच्या ॲपला एकाच ठिकाणाहून व्यायाम येऊ द्या, बाकीच्या जोडण्या तोडा. 'टोटल' आणि 'ॲक्टिव्ह' यांतला फरकही पाहा. नुसतं बसून राहिलं तरी शरीर तासाला, किलोमागं साधारण एक कॅलरी खर्च करतंच. 'टोटल'मध्ये ती धरलेली असते आणि रोजच्या आहाराच्या हिशेबातही असते. तीच पुन्हा मिळवली की व्यायामाच्या नावावर जास्तीचं खाल्लं जातं.

छातीचा पट्टा त्रास देतोय

पट्टा प्रकाशावर चालत नाही, हृदयाचा विद्युत संकेत पकडतो. म्हणून तो जास्त भरवशाचा. फिनलंडमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या पोलार कंपनीनं १९८२ मध्ये पट्टा आणि मनगटावरचं घड्याळ अशी बिनतारी जोडी बाजारात आणली, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. पण कोरड्या कातडीतून संकेत नीट जात नाही. घालण्याआधी आतल्या बाजूचे दोन्ही रबरी किंवा कापडी पट्टे पाण्यानं चांगले ओले करा. नुसतं बोट फिरवून भागत नाही. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली बसवा. बायकांनी स्पोर्ट्स ब्राचं इलॅस्टिक पट्ट्यावर चढून त्याला उचलत नाही ना, ते आरशात पाहावं.

सुरुवातीचे २१०-२२० चे झटके आमच्याकडं डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात. हवा कोरडी असते, पॉलिएस्टरचा सैल टी-शर्ट अंगावर फडफडतो, स्थिर वीज तयार होते आणि पट्टा तिलाच ठोके समजतो. टी-शर्ट अंगाबरोबरचा घाला किंवा छातीपाशी थोडा ओला करा.

वापर झाल्यावर पट्ट्याला बटणांनी अडकवलेला डबा (सेन्सर आणि सेल असतो तो) काढून ठेवा आणि पट्टा साध्या पाण्यात खळबळा. ओल्या पट्ट्यावर डबा राहिला तर त्याला वाटतं, अजून कोणी घातलाय. तो रात्रभर जागा राहतो आणि सेल संपतो. आठवड्यातून एकदा सौम्य साबण लावा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, पिळणं नको.

यानंतर पन्नास-शंभर रुपयांचा खर्च, म्हणजे सेल. इथं घाई करू नका. जुन्या सेलवरचा क्रमांक वाचा. सीआर २०३२ आणि सीआर २०२५ दोन्ही २० मिलिमीटर रुंद असतात, पण पहिला ३.२ मिलिमीटर जाड आणि दुसरा २.५. पोलार एच १० ला २०२५ लागतो, गार्मिनच्या एचआरएम ड्युअलला २०३२. दुकानदार "चालतंय हो" म्हणाला तरी दुसरा घेऊ नका. पातळ सेल जाड सेलच्या जागी हलतो आणि पावलागणिक संपर्क तुटतो. नाण्यानं झाकण फिरवून उघडा, सेल काढून अर्धा मिनिट थांबा, + ची बाजू पाहून नवा बसवा आणि झाकणाची रबरी कडी खाचेत सपाट बसली की नाही ते नखानं चाचपा. ती मुरगळली तर पहिल्याच पावसात आत पाणी जातं. जुना सेल लगेच मुलांच्या हाताबाहेर ठेवा. लहान मुलानं गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

जोडणी होत नसेल तर आधी दुसऱ्या कुणाच्या मोबाइलनं किंवा जिमच्या ट्रेडमिलनं पट्टा धरून ठेवला नाही ना, ते पाहा. बऱ्याच पट्ट्यांना ब्लूटूथवर एका वेळी एकच जोडीदार चालतो. मोबाइलच्या सेटिंगमधून न जोडता ॲपच्या आतून जोडा. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीचं असेल तर लोकेशन चालू ठेवा, नाहीतर पट्टा सापडतच नाही.

एवढं करूनही ठोके तुटतात? डबा हातात घ्या, दोन्ही अंगठे ओले करून पाठीमागच्या दोन धातूच्या बटणांवर एकेक टेकवा आणि शांत बसा. ॲपमध्ये ठोके आले तर डबा ठीक आहे, कापडी पट्टा संपलाय. तेवढाच वेगळा घ्या, पूर्ण संच नको.

खरंच नवीन घ्यायचं असेल तर

व्यायाम पाहून निवडा. चालणं आणि एका लयीतलं पळणं यांना मनगटावरचं घड्याळ पुरतं. वेग बदलत पळणं, वजनं, सायकल यांना छातीचा पट्टा हवा. मूठ आवळली किंवा हँडल धरलं की मनगटातला रक्तप्रवाह आणि घड्याळाचा टेकू दोन्ही बिघडतात. सूर्यनमस्कारात मनगट काटकोनात दुमडतं आणि छाती जमिनीला टेकते, म्हणजे घड्याळ आणि पट्टा दोन्ही अडचणीचे. तिथं दंडावर किंवा कोपराखाली बांधायचा प्रकाशाचा पट्टा मला सगळ्यात बरा वाटतो. बांगड्यांचा प्रश्नही त्यानं सुटतो. पोहण्यासाठी स्वतःच्या आत नोंद साठवणारं मॉडेल बघा, कारण ब्लूटूथ पाण्यातून जात नाही.

ब्लूटूथ आणि अँट प्लस (बिनतारी जोडणीचा दुसरा प्रकार) दोन्ही असावं, कापडी पट्टा सुटा मिळावा, सेल गावात मिळावा. घेतल्यावर परत करायच्या मुदतीत तीन वेळा बोटांशी ताडून पाहा: बसून, चढावर, उतारावर. कॅलरी अचूक मिळतील या आशेनं महागडं घड्याळ घेऊ नका. जास्त पैशांत ती अचूकता मिळत नाही.

इथं थांबा, जाणकाराला दाखवा

घड्याळाची पाठ फुगलीय, चार्जिंगला फार तापतंय किंवा कातडी भाजल्यासारखी झालीय, तर वापर आणि चार्जिंग लगेच बंद करून सर्व्हिस सेंटरला न्या. घरी उघडू नका; आतली बॅटरी धोक्याची असते.

पेसमेकर बसवलेला असेल तर छातीचा पट्टा घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

आणि तुमच्याबद्दल: बोटांना नाडी अनियमित लागते, निवांत असताना ठोके वारंवार १०० च्या वर जातात, ५० च्या खाली असून चक्कर येते, नेहमीच्याच व्यायामाला अचानक पूर्वीपेक्षा फार जास्त ठोके लागतात, जोरात पळून मग चालायला लागल्यावर पहिल्या मिनिटात ठोके १२ सुद्धा उतरत नाहीत. यातलं काही बोटांनी मोजून दोनदा दिसलं, तर व्यायाम थांबवून फिजिशियन किंवा हृदयरोगतज्ज्ञांकडं जा. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढायचा ईसीजी) यांतलं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. आपल्या मनानं टीएमटी करून घेऊ नका.

जाताना घड्याळातला आलेख न्या, पण सोबत एक कागदही न्या. त्यावर तारीख, वेळ, तेव्हा काय करत होतात, काय वाटलं, बोटांनी किती ठोके मोजले, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि घरात कुणाला हृदयविकार किंवा अचानक मृत्यू झालाय का, एवढं लिहा. काकांच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मागितला तो कागदच.